वजन म्हणजे काय?

सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री कुलूप लावीपर्यंत आमच्या व्यापारी बंधूंच्या हातून जी एक क्रिया शेकडो वेळा घडते ती वजन करण्याची होय. धान्याची आडत असो, किराण्याचे दुकान असो, की सराफाची पेढी असो, मालाचा दाम वजनावर ठरतो. असे असता 'वजन म्हणजे काय?' असा प्रश्न एखाद्या जुन्या पेढीच्या मालकास कोणी केला, तर तो विचारणाराकडे चकित होऊन पाहील, आणि फार तर 'वस्तूचा जडपणा' एवढे उत्तर देऊन पुन्हा वहीत डोके घालील. वस्तू जड का असते, हातातून सुटली असता खालीच का जाते, चंद्र मात्र खाली का पडत नाही, हे प्रश्न त्याच्या मते शाळामास्तरांचे किंवा रिकामटेकड्यांचे. मुलाने गुरुत्वाकर्षणाचा धडा पाठ करावा, परीक्षेत तो उतरवून द्यावा आणि मग विसरून जावा, एवढाच या ज्ञानाचा उपयोग अशी आमच्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या वर्गाचीही समजूत आहे. ही समजूत आम्हांस किती महाग पडते, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

प्रथम तराजूचेच उदाहरण घेऊ. दोन पारड्यांचा जुना ताजवा आणि हल्ली प्रत्येक दुकानात दिसणारा विजेचा काटा ही दोन्ही साधने एकच काम करतात असे वरवर पाहता वाटते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. ताजव्याच्या एका पारड्यात माल असतो व दुसऱ्यात वजने असतात. पृथ्वी दोन्ही पारड्यांस एकाच नियमाने ओढते. म्हणून तो ताजवा मुंबईत धरा, लंडनात धरा, किंवा चंद्रावर नेऊन धरा, किलोभर साखरेशी किलोचेच माप समतोल होईल. ताजवा जे मोजतो ते वस्तूतील द्रव्य. त्यास शास्त्रात वस्तुमान म्हणतात. विजेच्या काट्याची रीत निराळी. त्याच्या पोटात धातूची एक पट्टी असते. मालाच्या भाराने ती किंचित वाकते, आणि ते वाकणे मोजून काटा आकडा दाखवितो. म्हणजे तो मोजतो ती पृथ्वीची ओढ. आणि ही ओढ सर्व ठिकाणी सारखी नाही. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते. त्यामुळे विषुववृत्तावर वस्तूचे वजन सर्वांत कमी व ध्रुवांवर सर्वांत अधिक भरते. हा फरक हजारात सुमारे पाचाचा आहे. लंडन शहरी जुळविलेला काटा तसाच मुंबईस आणून त्यावर एक किलो सोने ठेविले, तर तो सुमारे २.७ ग्रॅम कमी दाखवील. सोने चोरीस गेले नाही, कोणी लबाडी केली नाही. तरी आकड्यात तूट आली. काटा ज्या गावी वापरावयाचा त्याच गावी प्रमाणित वजन ठेवून तो जुळवून घ्यावा, असे जाणकार सांगतात त्याचे कारण हे. ज्यास हे ठाऊक नाही तो एक तर यंत्रावर आंधळा विश्वास ठेवील, नाही तर समोरच्या प्रामाणिक मनुष्यास चोर ठरवील.

ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती एका घड्याळामुळे. सन १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्तानजीकच्या दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे वेधाकरिता गेला. पॅरिस शहरी बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. दुसरा कोणी असता तर हवेस किंवा घड्याळजीस दोष देऊन स्वस्थ बसला असता. रिशेने ही तूट नीट नोंदून ठेविली. पुढे न्यूटनने तिचा अर्थ लाविला, तो असा की, विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढच थोडी कमी आहे, आणि पृथ्वी पूर्ण गोल नाही. दिवसाच्या अडीच मिनिटांच्या तुटीतून साऱ्या पृथ्वीचा आकार हाती आला. हिशेबात न जुळणारी किरकोळ रक्कम 'किरकोळ खर्च' म्हणून वळती न करता तिचा छडा लावणारा कारकून पेढीस जसा मोलाचा, तसाच शास्त्रासही हा गुण मोलाचा आहे.

आता न्यूटनने केले काय, ते थोडक्यात सांगू. झाडावरचे फळ खाली पडते हे त्याच्या पूर्वी कोणास ठाऊक नव्हते असे नाही. ते गुराख्याच्या पोरासही ठाऊक होते. न्यूटनचा प्रश्न असा होता की, जी ओढ फळास खाली आणते तीच चंद्रापर्यंत पोचते काय, आणि पोचत असेल तर किती? हा 'किती' महत्त्वाचा आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या सुमारे साठपट दूर आहे. अंतर दुप्पट झाले असता ओढ चौथाई होते, तिप्पट झाले असता नवमांश होते, असा नियम मानला, तर साठपट अंतरावर ती ३६०० पटींनी कमी झाली पाहिजे. म्हणजे चंद्राने दर सेकंदास सुमारे १.४ मिलीमीटर पृथ्वीकडे पडले पाहिजे. आता चंद्र सरळ रेषेत निघून न जाता दर सेकंदास पृथ्वीकडे किती वळतो याचा स्वतंत्र हिशेब केला, तर उत्तर तेवढेच येते. चंद्र पडत नाही असे नाही. तो सतत पडतच आहे, परंतु त्याचा पुढे जाण्याचा वेगही मोठा असल्यामुळे तो पृथ्वीवर येऊन न आदळता तिच्याभोवती फिरत राहतो. बाजारातील भाजीवाल्याच्या काट्यास जो नियम तोच आकाशातील गोलास, हे न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथाने दाखविले, आणि 'पृथ्वीवरचे नियम निराळे व स्वर्लोकीचे निराळे' ही हजारो वर्षांची कल्पना कायमची निकालात निघाली.

या नियमाची परीक्षाही लवकरच झाली. सन १६८२ मध्ये दिसलेला धूमकेतू याच नियमाने सूर्याभोवती फिरतो व तो १७५८ सालाच्या अखेरीस सुमारास पुन्हा दिसेल, असे हॅले याने गणित करून सांगून ठेविले. हॅले १७४२ मध्ये वारला. धूमकेतू मात्र १७५८ च्या डिसेंबरात दिसला. धूमकेतू दिसला की राजा मरणार, पटकी येणार, दुष्काळ पडणार, अशी भीती आमच्याकडे आणि युरोपातही शतकानुशतके लोकांच्या मनात बसली होती. जो पाहुणा वेळापत्रकाप्रमाणे येतो व जातो त्याची भीती धरण्याचे कारण काय? शास्त्राने मनुष्यास दिलेल्या देणग्यांत आगगाडी व वीज यांची गणना सर्व लोक करतात. परंतु कारण नसलेल्या भीतीपासून सुटका ही देणगी आम्हांस त्याहून थोर वाटते.

येथे आमचे काही अभिमानी मित्र म्हणतील की, 'न्यूटनचे कौतुक आम्हांस कशास सांगता? आमच्या भास्कराचार्यांनी हे पाचशे वर्षे आधीच लिहून ठेविले आहे.' या आक्षेपास आम्ही आदरपूर्वक उत्तर देऊ इच्छितो. भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये पुऱ्या केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथात, पृथ्वीच्या अंगी आकर्षण करण्याची शक्ती आहे, तिच्या योगाने ती जड वस्तूंस आपल्याकडे ओढते व त्या पडत आहेत असे आम्हांस भासते, आणि पृथ्वीच्या सर्व बाजूंस आकाश सारखेच असल्यामुळे ती स्वतः कोठे पडणार, असे म्हटले आहे, ही गोष्ट खरी आहे. बाराव्या शतकातील हा विचार कोणत्याही राष्ट्रास भूषणावह आहे. परंतु ओढ आहे एवढे म्हणणे निराळे, आणि ती किती आहे, अंतराबरोबर कोणत्या प्रमाणात घटते, व तीच चंद्रास धरून ठेविते हे गणिताने सिद्ध करणे निराळे. हे दुसरे काम भास्कराचार्यांनी केले नाही, व त्यांनी केले असा दावा करणे म्हणजे त्यांच्या खऱ्या कीर्तीत खोटे नाणे मिसळणे होय.

याहून दुःखाची गोष्ट पुढेच आहे. चाळीसगावाजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे; तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला व त्यास दाने मिळाली, असे त्यावरून समजते. म्हणजे पाठशाळा होती, विद्यार्थी होते, दातेही होते. मग पुढचे पाऊल का पडले नाही? आमच्या मते याचे एक मोठे कारण असे की, आम्ही गुरूचे वाक्य पाठ केले, परंतु गुरूने केलेला प्रश्न पुढे चालविला नाही. आजोबांनी मिळविलेल्या भांडवलावर नातू-पणतू केवळ नाव सांगत बसले, आणि पेढी बुडाली, अशी उदाहरणे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोत. विद्येच्या पेढीसही तोच न्याय आहे.

असो. आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. मुंबई-पुण्याच्या वाटेवरील बोरघाट आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. या घाटात गुरुत्वाकर्षणाची दोन रूपे शेजारीशेजारी दिसतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीस उतरते, तेथे चक्रे फिरविते व वीज उत्पन्न करते. टाटांनी उभारलेले हे केंद्र १९१५ साली सुरू झाले व मुंबईच्या कापड गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. याचा हिशेब कोणासही करता येईल. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले असता त्यातून सुमारे १.३६ युनिट एवढी शक्ती निघते; यंत्रातील घट वजा जाता युनिटाहून थोडी अधिक वीज हाती पडते. सूर्याने समुद्राचे पाणी वाफ करून वर नेले, पावसाने ते घाटमाथ्यावर टाकिले, आणि पृथ्वी ते पुन्हा खाली ओढते. मनुष्याने केवळ मध्ये चक्र ठेविले. आमच्या पूर्वजांनाही ही युक्ती ठाऊक होती. पेशवाईत अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावाचे पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर, बांधीव नळातून पुण्याच्या हौदांत आणिले गेले. उतार किती ठेवावा हे ज्यांनी ठरविले त्यांना पृथ्वीच्या ओढीशी व्यवहार कसा करावा हे चांगले कळत होते.

त्याच घाटातून मालाने भरलेले ट्रक खाली उतरतात. पंचवीस टनांचा ट्रक पाचशे मीटर उतरला म्हणजे त्यानेही पृथ्वीकडून सुमारे ३४ युनिट शक्ती घेतलेली असते. ती कोठे तरी गेलीच पाहिजे. इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेविले तर तिचा मोठा हिस्सा इंजिन अडवून धरते; राहिलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन हवेत निघून जाते. परंतु इंधन वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरण्याची वाईट चाल काही चालकांत आहे, आणि काही मालकांस ती ठाऊक असूनही ते तिकडे काणाडोळा करतात. अशा वेळी सर्व भार एकट्या ब्रेकवर येतो. ३४ युनिट उष्णता म्हणजे साडेतीनशे लिटरांहून अधिक पाणी उकळीस आणण्याइतकी. एवढ्या उष्णतेने ब्रेक तापून निकामी झाले तर त्यात नवल काय? मग वर्तमानपत्रात 'ब्रेक निकामी होऊन अपघात' अशी बातमी येते, आणि आम्ही दैवास बोल लावून मोकळे होतो. यात अधिक खेदाची गोष्ट अशी की, हल्लीच्या बहुतेक इंजिनांत गाडी गिअरमध्ये उतरत असता इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीकरिता चालकाचा व वाटसरूंचा जीव धोक्यात घातला ती बचतही खरी नव्हे. एकच घाट, एकच ओढ. ज्यांनी तिचा हिशेब केला त्यांच्या गिरण्या तिने चालविल्या, ज्यांनी केला नाही त्यांच्या घरी तिने रडारड केली. ज्या मालकांच्या गाड्या घाटातून जातात त्यांनी आपल्या चालकांस हा हिशेब एकदा बसवून समजावून सांगावा, आणि वाचलेल्या डिझेलाबद्दल शाबासकी देण्यापूर्वी ते कोठे व कसे वाचले हे विचारावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुंबई-ठाण्याकडे जे मानवी मनोरे रचले जातात त्यांसही हाच हिशेब लागू आहे. दहा मीटर उंचीवरून पडणारे शरीर जमिनीस लागतेवेळी त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. वेगाने जाणाऱ्या मोटारीने धडक द्यावी तसाच तो आघात. थर वाढवावा म्हणून बक्षिसाची रक्कम वाढविणाऱ्या पुढाऱ्यांनी हा आकडा आपल्या फलकावर बक्षिसाच्या शेजारी लिहावा. आमचा उत्सवास विरोध नाही. परंतु पृथ्वी पडणाराची श्रद्धा पाहत नाही, उंची पाहते.

गुरुत्वाकर्षणाचे सूक्ष्म मापन केल्याने काय साधते, याचे उदाहरण आमच्याच देशात घडले आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालू असता माळव्यातील कल्याणपूर व उत्तरेस मुझफ्फरनगरजवळील कलियाना या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढले गेले. एकदा जमिनीवर मोजून, व एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्हींत सुमारे सव्वापाच विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांचा फरक आला. शेकडो किलोमीटरांच्या मोजणीत दीडशे मीटर कोणी सोडून दिले असते. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी विचार केला की, वेधयंत्राचा ओळंबा हिमालयाच्या ओढीने कलत असावा. त्यांनी हिमालयाच्या ओढीचा अंदाज केला, तो फरक सुमारे १६ विकला यावयास पाहिजे होता. आला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. मग हिमालयाचे उरलेले वजन गेले कोठे? सन १८५५ मध्ये एअरी या ज्योतिर्विदाने सुचविले की, पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोल गेलेले असावे. लाकडाचा ओंडका पाण्यात तरंगावा तसे पर्वत खालच्या जड थरावर तरंगत आहेत. गवंड्याच्या ओळंब्याने पृथ्वीच्या पोटातील रचना सांगितली, ती अशी.

हेच तंत्र आज आमच्या विहिरींचा हिशेब सांगत आहे. सन २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन जुळे उपग्रह सोडण्यात आले. ते एकामागे एक सुमारे २२० किलोमीटर अंतराने पृथ्वीभोवती फिरत असत. खाली द्रव्य अधिक असले की ओढ वाढे व दोहोंतील अंतर किंचित बदले. तो सूक्ष्म बदल मोजून खालचे द्रव्य वाढले की घटले हे समजे. हा आकाशात टांगलेला तराजूच म्हणावयाचा. या तराजूने राजस्थान, पंजाब व हरियाणा या प्रदेशांचे वजन केले, तेव्हा २००२ ते २००८ या सहा वर्षांत तेथील सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. जमिनीवरचे पीक हिरवे होते, बाजारात धान्य येत होते, सर्व काही ठीक दिसत होते. पोटातली पुंजी मात्र उपसली जात होती. भांडवल खाऊन नफा दाखविणाऱ्या पेढीची अवस्था काय होते हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. महाराष्ट्रातही ऊस व द्राक्षे यांच्या पायी विंधनविहिरी दिवसेंदिवस खोल जात आहेत. तेव्हा त्या तराजूचा इशारा उत्तरेकडच्यांचा म्हणून आम्ही कानाआड करू नये.

आता एका नाजूक विषयाकडे वळणे प्राप्त आहे. मंगळाच्या नावाने आमच्या समाजात किती मुलींची लग्ने अडली, किती मातापित्यांनी पत्रिका लपविल्या किंवा बदलल्या, याची गणती नाही. पूर्वी हे सर्व शास्त्रवचनाच्या आधारे चाले. हल्ली त्यास विज्ञानाचा अंगरखा चढविण्यात येतो. 'चंद्र समुद्रास भरती आणतो. मनुष्याच्या देहातही पाणीच आहे. मग ग्रह त्यास ओढणार नाहीत काय?' असा युक्तिवाद पदवीधरांच्या तोंडून आम्ही ऐकिला आहे. ठीक आहे, ओढीचाच प्रश्न असेल तर ती ओढ वजन करून पाहू. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरांहून अधिक दूर असतो. तेवढ्या अंतरावरून तो नवजात बालिकेस जेवढे ओढतो, त्याहून थोडे अधिक तिच्यापासून अर्ध्या मीटरवर उभी असलेली साठ किलो वजनाची सुईण ओढते. आणि मंगळ दूर असतो तेव्हा तर त्याची ओढ याहून कितीतरी कमी असते. भरतीचे म्हणाल, तर मंगळाने येणारी भरती, तो सर्वांत जवळ असतानाही, चंद्राच्या भरतीच्या सुमारे साडेतीन लक्षाव्या हिश्श्याइतकी. मग पत्रिकेत मंगळाचे स्थान लिहिता तर सुईणीचे का लिहीत नाही?

यावर 'आमची विद्या ओढीवर नाही, अनुभवावर आहे' असे कोणी म्हणेल, तर अनुभवाचेही वजन झाले आहे. गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तात ज्यांनी जगन्मान्य काम केले त्या प्रा. जयंत नारळीकर यांनी काही सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात एक चाचणी घेतली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. शंभर हुशार व शंभर मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवून, त्यांतल्या चाळीस चाळीस ज्योतिष्यांकडे पाठविल्या, आणि मूल कोणत्या गटातील हे ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती. दहा ग्रॅम सोने तोलल्याशिवाय न घेणारा आमचा सराफ आपल्या मुलीचे आयुष्य मात्र न तोललेल्या बोलावर सोपवून देतो, याचे आम्हांस आश्चर्य व दुःख वाटते.

कोणी असेही म्हणेल की, न्यूटनचे वाक्य तरी तुम्ही वेदवाक्य मानताच ना? नाही; आणि यातच शास्त्राचे वैशिष्ट्य आहे. बुध ग्रहाच्या कक्षेच्या हिशेबात शंभर वर्षांस ४३ विकलांची तूट न्यूटनच्या नियमाने भरून निघत नव्हती. सन १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा निराळा सिद्धान्त मांडला, त्याने ती तूट बिनचूक भरून काढिली. न्यूटनचे नाव मोठे म्हणून तूट झाकून ठेविली नाही, आणि नवे मत आले म्हणून न्यूटनचा अपमानही झाला नाही. नित्याच्या कामास त्याचाच नियम आजही पुरतो. आइन्स्टाइनच्या मताप्रमाणे जेथे गुरुत्वाकर्षण कमी तेथे घड्याळ किंचित जलद चालते. हे मत केवळ पंडितांच्या करमणुकीचे नव्हे. आमच्या वाचकांच्या खिशातील फोन ज्या उपग्रहांवरून रस्ता दाखवितो, त्यांवरील घड्याळे, वेगाचा परिणाम धरूनही, जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसास सेकंदाच्या सुमारे ३८ दशलक्षांशांनी पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाकाठी दहा किलोमीटरांची चूक साचत जाईल, आणि माल भिवंडीऐवजी भलतीकडेच पोचेल. याच सिद्धान्ताने वर्तविलेल्या गुरुत्वलहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम पकडल्या गेल्या. त्या टिपणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत, अणूच्या गाभ्यातील कणाच्या शतांशाहूनही लहान असा बदल तेथे मोजावयाचा आहे. ज्या महाराष्ट्रात भास्कराचार्यांच्या ग्रंथांकरिता मठ निघाला व पुढे ओस पडला, तेथेच आठशे वर्षांनी हे काम होत आहे. या वेळी तरी आमच्या मुलांनी तेथे केवळ पहारेकरी व कंत्राटदार म्हणून न जाता मोजणारे म्हणून जावे, अशी आमची इच्छा आहे.

ती सफळ होण्यास आरंभ घरातच करता येतो, आणि त्यास पैसा लागत नाही. एक मीटर लांब दोऱ्यास लहानसा दगड बांधून तो दाराच्या चौकटीस टांगावा, थोडा झोका द्यावा, आणि शंभर झोके पुरे होण्यास किती वेळ लागतो ते मुलास मोजावयास सांगावे. सुमारे २०० सेकंद लागतील. मग दुसरा, जड दगड बांधून पुन्हा मोजावे. वेळ बदलेल की नाही, हे आधी मुलास विचारावे. बहुतेक मुले, आणि बहुतेक बापही, बदलेल असे म्हणतील. वेळ बदलत नाही असे जेव्हा ते स्वतः मोजून पाहील, तेव्हा पुस्तकातील वाक्य व हाताने तोललेले सत्य यांतील भेद त्याच्या मनावर ठसेल. त्यानंतर ते 'असे का?' म्हणून विचारील. त्या प्रश्नास 'गप्प बैस' असे उत्तर देऊ नये, एवढीच आमच्या वाचकांस आमची प्रार्थना आहे.